तिसऱ्या कडव्यातला ण

उत्तरेश्वर भिसे हा माणूस मुळात भित्रा. हे कुणी त्याच्या तोंडावर म्हटलं तरी त्याला राग येत नसे, कारण त्याला पगार मिळत होता तो त्या भित्रेपणाचाच. हिंजवडीतल्या एका कंपनीत तो टेस्टर होता. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला प्रोग्रॅम कुठे कुठे मोडेल याच्या शंका काढत दिवसभर बसायचं, आणि चूक सापडली की ती पुन्हा तशीच्या तशी घडवून दाखवायची. एकदाच घडलेल्या चुकीला तिथे कुणी विचारत नाही. "रिप्रोड्यूस करून दाखव," असं प्रोग्रॅम लिहिणारे म्हणतात आणि हात झटकून चहाला जातात. अंबाजोगाईजवळच्या गावातून औरंगाबादला, तिथून पुण्याला, कॉम्प्युटरच्या लाटेबरोबर जी पोरं वाहत आली त्यांतला हा एक. वारज्यात त्याने फ्लॅट घेतला, कंपनीची बस अगदी सोसायटीच्या तोंडाशी येते हे गावाकडच्या प्रत्येकाला फोनवर सांगून झालं, आणि हॉस्टेलवर शिकलेली गिटार भिंतीला टांगून ठेवली.

त्याची बायको दीपमाला कर्वेनगरातल्या एका मराठी शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवायची. आवाज असा, की लग्नात तिने उखाणा घेतला तेव्हा जेवणाच्या पंगतीतल्यांनी घास हातात धरून ऐकलं होतं. पण पुण्यात आवाजाला कोण विचारतं? पुण्यात उच्चार बघतात. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका पालकांनी तिला फाटकापाशी गाठून हसतमुखाने सांगितलं होतं, "बाई, मुलांना 'पाणी' शिकवा. 'पानी' ते हिंदी सिनेमात शिकतातच." दीपमाला घरी येऊन रडलीबिडली नाही. ती आरशापुढे उभी राहिली आणि पाणी, लोणी, कोण, अंगण असं घोकत राहिली. जीभ मागे वळवायची, टाळूला टेकवायची, सोडायची. काही महिन्यांत तिचा ण असा टणटणीत झाला की पेठेतल्यांनी येऊन शिकवणी लावावी. माहेरी गेली की बहिणी म्हणायच्या, "आल्या बघा पुण्याच्या बाई." ती हसायची. फक्त फार चिडली, की मग अंबाजोगाईची एस.टी. थेट तिच्या जिभेवर येऊन थांबायची.

त्या वर्षी शाळेने ठरवलं की स्नेहसंमेलनाला शिक्षकांनीच रचलेल्या बालगीतांची सीडी काढायची. दीपमालाने एक गाणं केलं, आणि ते मुद्दाम ण आणि ळ यांनी गच्च भरलं. हा तिचा सूड होता, असं मला वाटतं. ती तसं कधी म्हणाली नाही.

*अंगणात पाणी, पाण्यात आभाळ,*
*आभाळ ओंजळीत धरतं बाळ.*

अशी सुरुवात, आणि तिसऱ्या कडव्यात:

*कोण म्हणे वेडं, कोण म्हणे खुळं,*
*ओंजळीत त्याच्या चांदणं निळं.*

शाळेजवळच्या स्टुडिओत जायला ती नको म्हणाली. काचेपलीकडे अनोळखी माणूस कानाला हेडफोन लावून आपला एकेक उच्चार तपासत बसणार, हे तिला सोसणारं नव्हतं. "तुम्हीच घ्या ना घरी," ती उत्तरेश्वरला म्हणाली. "तुमच्यापुढं मला लाज नाही."

मग काय विचारता! उत्तरेश्वरने महिनाभर इंटरनेटवर वाचून वाचून डोळे लाल केले, एक बरा माईक आणला, तो कॉम्प्युटरला जोडायची डबी आणली, आणि एका रविवारी सकाळी झोपायच्या खोलीचा स्टुडिओ केला. आवाज भिंतींवर आपटून परत येऊ नये म्हणून दोरीवर गोधड्या टांगल्या. कपाटाची दारं उघडी ठेवली, म्हणजे आतल्या साड्याही आवाज पितील. पंखा बंद. शेजारच्या काकूंना कुकर उशिरा लावायची विनंती केली, त्यावर काकू म्हणाल्या, "वरणभातापेक्षा मोठं काय चाललंय आत?" आधी त्याने गिटार वाजवून घेतली. मग दीपमालाने कानाला हेडफोन लावून, गिटार ऐकत, गाणं म्हटलं. एकदा म्हटलं, दोनदा म्हटलं, बरेचदा म्हटलं. नंतर त्यातले उत्तम तेवढे तुकडे निवडून जोडायचे, अशी त्याची योजना होती. आजकाल सगळे असंच करतात, असं त्याने तिला सांगितलं.

संध्याकाळी तो जुळवणीला बसला. मिक्सिंग म्हणजे काही मोठी जादू नव्हे; दोघे जण एकाच बाकावर बसलेत आणि दोघांना पुरेशी जागा करून द्यायचीय, एवढंच. गिटारचा खालचा घुमारा त्याने थोडा काढून टाकला, कारण तो आवाजाच्या अंगावर बसत होता. गिटार जराशी डावीकडे सरकवली, आवाज मधोमध ठेवला. जिथे दीपमाला हळू गायली होती तिथे आवाज उचलला. गणपतीच्या मांडवातले गायक मागतात तसला दणदणीत एको नको, नुसता खोलीभर असावा एवढा गुंजारव दिला. पहिलं कडवं ऐकून त्याचा त्यालाच काटा आला. दुसरं बरं होतं. तिसऱ्यात मात्र काहीतरी बिनसलं होतं. आवाज नाकातून आल्यासारखा, तोंडात घास असल्यासारखा, आणि ण तर गेलाच होता. *कोन म्हने वेडं.* चांदणंचं चांदनं.

त्याने आधी माईकला दोष दिला. मग गोधड्यांना. मग तिला सर्दी झाली असेल असं ठरवलं. शेवटी त्याने आवाजातला तो नाकातला पट्टा शोधून काढला, आणि पडद्यावरची दांडी खाली ओढून तेवढाच कापला. नाक गेलं, पण ण काही आला नाही. जो उच्चारलाच नाही तो कुठल्या दांडीने वर येणार?

"दीपे," तो स्वयंपाकघराकडे बघून हसत ओरडला, "तिसऱ्या कडव्यात गाव बाहेर पडलं बघ तुझं!"

ती दारात आली. ती हसली नाही. तिचा चेहरा असा झाला होता, जसा फाटकापाशी त्या दिवशी झाला असेल. "पुन्हा घेऊ या?" तिने हळूच विचारलं. पुढच्या रविवारी पुन्हा घेतलं. पहिल्या वेळी सगळं लखलखीत, आणि नंतर पुन्हा तेच. तिने पाच मिनिटं टेकून चहा घेतला की परत छान. "नीट लक्ष देऊन म्हण ना," असं तो दोनतीनदा म्हणाला, तेही जरा करवादूनच.

ताल शेवटी शेवटीच नीट बसला होता, म्हणून तिसरं कडवं शेवटच्या वेळचंच घेऊन, जोडाजोड करून एक सीडी तयार झाली, आणि ती घेऊन तो शनिवार पेठेत श्यामसुंदर गद्रे यांच्याकडे गेला. हे गृहस्थ जुन्या कॅसेटी सीडीवर उतरवून देत. नाटकं, कीर्तनं, लग्नाच्या मंगलाष्टका, सगळं त्यांच्या कानाखालून गेलेलं. शाळेची सीडीही त्यांच्याकडेच छापायला जाणार होती. गद्र्यांनी दुकानाच्या दाराशी ठेवलेल्या स्टुलाकडे बोट दाखवलं, कानाला हेडफोन लावले, आणि डोळे मिटून गाणं शेवटपर्यंत ऐकलं.

"गिटार कोणाची?"

"माझी."

"असू दे." त्यांनी हेडफोन काढून ठेवले. "बाई चांगल्या गातात. पहिल्या कडव्यात आपल्या पेठेत आहेत. दुसऱ्यात स्वारगेटला पोचल्या. तिसऱ्यात एस.टी. पकडून गावी गेल्या."

उत्तरेश्वरच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. तो सीडी उचलून नमस्कारही न करता बाहेर पडला. वारज्यापर्यंत स्कूटर त्याने कशी चालवली ते त्याचं त्यालाच ठाऊक. बारा वर्षं पुण्यात राहा, टॅक्स भरा, वेळेवर सोसायटीचा मेंटेनन्स द्या, तरी ण नि ळ वरून हे लोक तुम्हाला स्वारगेटला नेऊन सोडणार! तिला नीट येतं, हे या माणसाला दाखवलंच पाहिजे, असं त्याने ठरवलं. जोडलेले तुकडे सोडून त्याने मूळ रेकॉर्डिंगं उघडली. दीपमाला शाळेतून यायची होती. त्याने सगळी रेकॉर्डिंगं, ती जशी गायली त्या क्रमाने, एकाखाली एक लावली आणि प्रत्येकातलं नुसतं तिसरं कडवं ओळीने ऐकायला सुरुवात केली. गिटार बंद, गुंजारव बंद, नुसता तिचा आवाज.

पहिल्यात कोण. स्वच्छ. त्याला बरं वाटलं. दुसऱ्यातही कोण, पण जरा सैल. मग कोन. मग खुळंचं खुलं. शेवटच्यात तर शब्द शब्दाला चिकटले होते आणि *ओंजळीत* या शब्दात हवा नाकातून निसटल्याचा बारीक फुसकारा ऐकू येत होता. मग चहा. चहानंतरच्या रेकॉर्डिंगमध्ये परत कोण. स्वच्छ.

त्याने ते पुन्हा ऐकलं. मग दुसऱ्या रविवारचं ऐकलं. त्यातही तसंच, त्याच उतरणीने.

आणि मग त्याच्या ध्यानात आलं. गावाकडची बोली काही थकल्यावर येत नाही आणि चहा घेतल्यावर जात नाही. ती आली तर पहिल्या शब्दापासून येते. गद्र्यांनी टोमणा मारला खरा, पण पाहिलं बरोबर होतं: ती मुक्कामाला गावी नव्हती, कडव्याकडव्याने कुठेतरी चालली होती.

आता एकेक गोष्ट उठून उभी राहायला लागली. दीपमालाने गेले काही महिने ज्वारीची भाकरी सोडून वरणभात धरला होता, आणि तो तिला "पक्की पुणेकरीण झालीस" म्हणून चिडवत होता. भाकरी चावून तिचा जबडा दुखत असेल, हे त्याच्या स्वप्नातही आलं नाही. संध्याकाळी तिची डावी पापणी खाली येई. वर्गातल्या पोरांनी दमवलं, असं ती म्हणे, आणि तो मान्य करी. फोनवर आईशी बोलताना ती लवकर "ठेवते" म्हणायला लागली होती. सासरमाहेर दोन्हीकडे तिला शिष्ट म्हणायचे. सगळ्यांनी सगळ्याचा एकच अर्थ लावला होता: ही पुण्याची झाली, नाहीतर ही पुण्याची झालीच नाही.

त्या आठवड्यात ऑफिसात त्याने अमेरिकेतल्या बँकेचा प्रोग्रॅम उघडून ठेवला आणि शेजारच्या खिडकीत भलतंच वाचत राहिला. जड जीभ, नाकातला आवाज, गिळायला त्रास. इंटरनेटवर एकदा आजार शोधायला लागलं की साध्या ठसक्यासाठीही सरण रचतात. पण एका नावापाशी तो पुन्हा पुन्हा येऊन थांबे. त्यात स्नायू एकेक करून मरत जातात, आधी जीभ, मग गिळणं, मग श्वास, आणि औषध नाही. मन चिंती ते वैरी न चिंती. बसमध्ये खिडकीला डोकं टेकून त्याने दीपमालाशिवायचं घर डोळ्यांपुढे आणून पाहिलं. आणलं नाही, ते आपोआप आलं, आणि घालवल्याने जाईना. दोरीवर गोधड्या, आणि समोर माईकपाशी कुणीच नाही.

तिला सांगायचं कसं? त्यापेक्षा आधी खात्री करू, असं भित्र्या माणसाने ठरवलं. आणि खात्री करण्याची त्याला एकच पद्धत येत होती.

रविवारी त्याने पुन्हा माईक लावला. "तिसरं कडवं तेवढं पुन्हा घेऊ," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. ती गायली. "पुन्हा." ती गायली. "पुन्हा." कोण सैल झाला. "पुन्हा." चूक जशीच्या तशी, त्याच जागी, त्याच क्रमाने येत होती. ऑफिसात अशी चूक हाती लागली की त्याला आनंद व्हायचा. "पुन्हा, दीपे."

तिने हेडफोन काढून गादीवर फेकले.

"काय लावलंय हे? मी काय तुमच्या कंपनीतलं सॉफ्टवेअर हाय का?" तिचा आवाज नाकातून, ओला, पसरट येत होता. "सगळं पुनं माझी जीभ तपासायलं. आता तुमीबी तपासायलात. नाही येत मला ण! नाही येत! माझ्या बापाला नव्हता येत, माझ्या आईला नव्हता येत. टाका काढून माझं गाणं."

"तसं नाही गं."

"मग कसं?"

तिने रागारागाने समोरचा चहाचा कप उचलून घोट घेतला. घोट खाली उतरला नाही. तिला जोराचा ठसका लागला आणि चहा नाकातून बाहेर आला. ती वाकून, छातीला हात लावून, श्वास शोधत राहिली. तो तिच्या पाठीवर हात फिरवत होता आणि शेवटी तिच्याबरोबर खाली बसला. दोघंही गोधड्यांच्या मध्ये जमिनीवर बसून होते.

"हे पहिल्यांदा झालं का?" त्याने विचारलं.

तिने मान हलवली. नाही.

मग तिने सांगितलं, थांबत थांबत. दुपारनंतरच्या तासाला ती पोरांनाच आळीपाळीने धडा वाचायला लावते, कारण तिची जीभ तेव्हा लाकडासारखी होते. शिक्षकांच्या खोलीत डबा खाताना ती सगळ्यांच्या नंतर बसते, पाणी नाकातून येईल म्हणून. कितीतरी महिने झाले.

"मला का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, मी परत गावंढळ झाले," दीपमाला म्हणाली. "इतकी वर्षं वळवून ठेवलेली जीभ, तिनं आता ऐकायचं सोडलं. तुम्ही हसलात, मग तर नक्कीच तसं असणार."

त्याला तिथल्या तिथे धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. माणसाला दुखलं तर तो ओय म्हणतो. हिला दुखत होतं, आणि ही लाजत होती! पुण्यातल्या एका फाटकावर कुणीतरी सहज टाकलेला टोमणा, आणि त्यावर नवऱ्याच्या विनोदांची भर, यांनी तिला असं शिकवलं होतं की तोंडात काही बिघडलं तर तो गावचाच दोष. तो रडला. ती त्याला समजावत राहिली, आणि त्या समजावण्यातही ण च्या जागी न ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी ते मेंदूविकाराच्या डॉक्टरांकडे गेले. बाहेरच्या बाकावर उत्तरेश्वर सगळ्या रेकॉर्डिंगांची सीडी छातीशी धरून बसला होता. कोणती कधीची, चहाच्या आधीची की नंतरची, सगळं त्याने पाठ केलं होतं. आत गेल्यावर त्याने बोलायला सुरुवात केली, तशी डॉक्टरबाईंनी हात वर केला.

"ते राहू द्या. त्यांना बोलू द्या ना."

दीपमाला बोलली. बाईंनी तिला छताकडे एकटक बघायला लावलं, आणि हळूहळू तिची डावी पापणी खाली येत गेली. आकडे मोठ्याने मोजायला लावले. सुरुवातीला खणखणीत असलेला आवाज पुढे पुढे भिजत, विरत गेला. उत्तरेश्वर खुर्चीच्या दांड्या धरून बसला होता. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. त्याचा ब्रह्मराक्षस आता समोरच्या खुर्चीत बसून आकडे मोजत होता.

"दोन शक्यता आहेत," बाई म्हणाल्या. "एकात नस सांगते, पण स्नायूपर्यंत निरोप नीट पोचत नाही. त्यावर औषधं आहेत. दुसरी..." दुसरी उत्तरेश्वरला तोंडपाठ होती. "एक इंजेक्शन देऊन बघू. पहिलं असेल तर थोड्या वेळात फरक दिसेल."

"आणि नाही दिसला तर?" त्याने विचारलं.

"आधी बघू तर या."

इंजेक्शन दिलं. ते पडद्यामागच्या कॉटवर बसून राहिले. दीपमालाने त्याचा हात धरला होता. कोणाचा हात गार होता ते कळत नव्हतं. बाहेर कुणाचा तरी नंबर पुकारला जात होता. त्याने कधी नव्हे ते मनातल्या मनात योगेश्वरीला हाक मारली, मग वैजनाथाला, मग गावच्या मारुतीला, आणि कोणाला काय कबूल केलं त्याचा हिशेब त्याला राहिला नाही. तिच्याकडे बघायचा त्याला धीर होत नव्हता. पापणी उचलली नाही तर?

"बघा की हो माझ्याकडं," ती म्हणाली.

पापणी उचलली होती. दोन्ही डोळे सारखे उघडे होते आणि त्यांत पाणी होतं. आवाज नाकातून येत नव्हता.

मायस्थेनिया, असं त्या आजाराचं नाव निघालं. गोळ्या जन्मभर, दिवसातून ठरावीक वेळांना, चुकवायच्या नाहीत. दमायचं नाही. या आजारात कधी कधी छातीत गाठ असते म्हणून छातीचा स्कॅन झाला, तो चांगला आला. "हा आजार जात नाही, पण ताब्यात राहतो," डॉक्टरबाई म्हणाल्या. "एकच लक्षात ठेवा. बोलणं फार बिघडलं, गिळता येईना, श्वास अपुरा वाटला, तर वाट बघायची नाही. थेट इकडे यायचं." हे शेवटचं वाक्य उत्तरेश्वर घरी घेऊन आला आणि ते त्याने कधी खाली ठेवलं नाही.

गाणं सीडीवर आलं, ताज्या आवाजाचे तुकडे जोडून. संमेलनात सगळ्या शाळेने ते तिच्यामागून म्हटलं. एका आजोबांनी मुद्दाम मंचामागे येऊन सांगितलं, "बाई, काय स्वच्छ उच्चार आहेत हो तुमचे!" दीपमालाने नमस्कार केला. गाणं कसं आहे ते आजोबा काही बोलले नाहीत.

आणि इकडे उत्तरेश्वरच्या कानाला नवीनच खोड लागली. दीपमाला बोलायला लागली की तो ऐके, आणि ऐके ते फक्त ण आणि ळ. सकाळी "दूध उतू गेलं" म्हणाली की तो अस्वस्थ, कारण त्यात काही कळायला मार्ग नाही. "वेळ झाली" म्हणाली की ळ तपासून झाला, जीव भांड्यात पडला. ऑफिसातून तो फोन करी, "काय करतेस?" विचारी, आणि ती जे सांगे त्यातले ण वेचून फोन ठेवून देई. एखादा सैल वाटला की कामात लक्ष नाही. मग तो काहीतरी निमित्त काढून पुन्हा फोन करी, आणि पुन्हा बोलायला लावी. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, हे खरं. पण हा तर रिकामा पेलाही फुंकायला लागला होता. तिच्या लक्षात आलं होतं का? आलंच असणार. तिच्याकडे अशा कानाने बघणारी माणसं तिने आयुष्यभर पाहिली होती.

एका रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, दोघं बाल्कनीत बसली होती. खाली वारज्याच्या नव्या पुलाचं काम चाललं होतं. दीपमाला बराच वेळ बोलत होती. शाळेतलं काहीतरी, मुख्याध्यापकांनी काहीतरी म्हटलं ते, आईचा फोन, मग आवाज खाली आणून आणखी काही. उत्तरेश्वर पुलाकडे बघत, मान हलवत होता. शिक्षण, ठीक. वळण, ठीक. कळलं, चांगलं. लोणचं, उत्तम. इतका वेळ बोलूनही जीभ कुठे अडखळली नव्हती. ती थांबली तेव्हा त्याला इतकं बरं वाटलं की तो उत्साहाने तिच्याकडे वळला.

"आज मस्त आहे हं," तो म्हणाला. "एकदाही घसरली नाहीस."

"मी काय म्हणायले होते?" तिने विचारलं.

त्याने आठवायचा प्रयत्न केला. मुख्याध्यापक. आई. लोणचं. त्यापुढचं काही हाताला लागेना.

"शेवटी काय म्हणाले मी? आत्ता, सगळ्यात शेवटी?"

"दीपे..."

"मला भीती वाटते," ती म्हणाली. "असं म्हणाले. दोनदा म्हणाले."

त्या वाक्यात ण नव्हता आणि ळ नव्हता. त्यात तपासण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून दोन्ही वेळा ते त्याच्या कानावरून निघून गेलं होतं.

त्याने खुर्ची तिच्याजवळ ओढली. "कशाची?" त्याने विचारलं, आणि ती सांगायला लागली.